नऊ महिन्यांच्या ऐकण्यानंतर : ब्रिस्बेनच्या ‘द सेंट्स’ची ‘आय ॲम स्ट्रँडेड’ ही रेकॉर्ड

ही रेकॉर्ड घरी येऊन नऊ महिने झाले. आठवड्यातून तीनदा तरी ती लागते, म्हणजे शंभरेक वेळा सुई तिच्यावरून फिरली असेल. पहिल्याच आठवड्यात अभिप्राय लिहिला असता, तर गिटारचा गोंगाट फार आहे, शब्द कळत नाहीत आणि गाणी एकसारखी वाटतात, एवढेच लिहून मी थांबले असते. ते मत आज माझे राहिलेले नाही, आणि ते कशामुळे बदलले हे सविस्तर सांगावे असे वाटते.

मी सहा वर्षांपासून ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला राहते. गाडीत बहुतेक वेळा ‘फोर ट्रिपल झेड’ हे रेडिओ केंद्र लागलेले असते. ते डिसेंबर १९७५ मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठाच्या आवारातून सुरू झाले. एका संध्याकाळी तेथे या रेकॉर्डचे शीर्षकगीत लागले आणि ही मुले इनाला-ऑक्सली भागातली, असे निवेदिकेने सांगितले. इनालाच्या बाजारात व्हिएतनामी दुकानदारांकडे कारली आणि दुधी चांगला मिळतो, म्हणून मी दर शनिवारी तेथे जाते. सरकारी गृहनिर्माण खात्याने महायुद्धानंतर वसवलेली ही बैठ्या घरांची वस्ती आहे. जगातल्या अगदी पहिल्या पंक (म्हणजे वेगवान, खडबडीत, चिडलेले रॉक वाजवणाऱ्या) बँडांपैकी एक या वस्तीतून निघाला, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. दुसऱ्याच दिवशी मी नव्याने छापलेली प्रत मागवली.

पहिली प्रत कडेला इतकी वाकलेली आली की सुई लाटेवरच्या होडीसारखी वरखाली होत होती. विक्रेत्याने ती बदलून दिली, पण त्यात तीन आठवडे गेले. दुसऱ्या प्रतीबद्दल काहीही तक्रार नाही. दहा गाणी, दोन्ही बाजू मिळून अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ, आणि नऊ महिन्यांनंतरही खरखर जवळपास नाही.

आवाजाबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवे. ही रेकॉर्ड हळू आवाजात ऐकू नये. आवाज कमी ठेवला की गिटार बाकी सगळ्यांना गिळून टाकते, बेस हरवतो आणि ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. बहुतेक गाणी डिसेंबर १९७६ मध्ये दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झाली, आणि ती घाई लपवलेली नाही.

मी मूळची मिरजेची. लहानपणी सतारमेकर गल्लीत कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना तासन्‌तास पाहिले आहे. घोडीवर सूत किंचित पुढेमागे सरकवत ते तार छेडत राहतात, आणि एका क्षणी त्या एकाच स्वरातून दुसरे स्वर उमलू लागतात. तिसऱ्या महिन्यात एका रात्री हेडफोन लावून या रेकॉर्डचे शेवटचे गाणे ‘नाइट्स इन व्हेनिस’ ऐकत असताना मला नेमके तेच ऐकू आले. एड क्युपर हा गिटारवादक सहसा एकेक सूर वेचून वाजवत नाही. त्याचा हात न थांबता तारांवर फिरत राहतो. ॲम्प्लिफायरमुळे त्या तारांचा आवाज फाटतो, आणि त्या फाटलेल्या आवाजाच्या वर बारीक, उंच स्वरांची एक ओळ तरंगत राहते, जी कोणीही मुद्दाम वाजवलेली नसते. जिला मी गोंगाट समजत होते ती या गिटारची जवारी होती. एकदा हे कानाला सापडल्यावर सगळी गाणी वेगवेगळी ऐकू येऊ लागली.

त्यानंतर मी बँडचा इतिहास वाचायला घेतला. गायक क्रिस बेली केनियात जन्मला, बेलफास्टमध्ये वाढला आणि लहानपणी कुटुंबासोबत इनालाला आला. क्युपरचा जन्म जर्मनीतल्या ब्रेमेनचा. स्थलांतरित घरांतली ही दोन मुले ऑक्सलीच्या शाळेत भेटली आणि १९७३ मध्ये ड्रमवादक आयव्हर हे याच्यासह त्यांनी बँड काढला. तेव्हा पंक या नावाची चळवळ कोठेच उभी राहिलेली नव्हती. ही मुले जुने रॉक अँड रोल आणि साठच्या दशकातल्या खडबडीत बँडांचे संगीत ऐकत होती, आणि तेच अधिक वेगाने, अधिक चिडून वाजवत होती. रेकॉर्डवर याचा पुरावाच आहे: ‘वाइल्ड अबाउट यू’ हे सिडनीच्या ‘मिसिंग लिंक्स’ बँडचे १९६५ चे गाणे, आणि ‘किसिन कझिन्स’ हे एल्विस प्रेस्लीच्या चित्रपटातले. लंडनच्या पंक बँडांची नक्कल करण्याचा प्रश्नच नव्हता, कारण नक्कल करण्यासारखे लंडनमध्ये अजून काही झालेच नव्हते.

तारखा पाहिल्या तर हे ठळक होते. बेसवादक किम ब्रॅडशॉसह चौघांनी जून १९७६ मध्ये ब्रिस्बेनच्या वेस्ट एंड भागातल्या एका लहान स्टुडिओत शीर्षकगीत ध्वनिमुद्रित केले. सप्टेंबरमध्ये ‘फेटल रेकॉर्ड्स’ असे स्वतःचेच नाव देऊन त्यांनी त्याच्या ५०० प्रती काढल्या. ‘द डॅम्ड’चे ‘न्यू रोझ’ हे ब्रिटनमधले पहिले पंक सिंगल (एकदोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) ऑक्टोबरमध्ये आले आणि ‘सेक्स पिस्टल्स’चे पहिले सिंगल नोव्हेंबरमध्ये. ब्रिस्बेनच्या पोरांनी काही प्रती परदेशी धाडल्या होत्या. त्यांतली एक लंडनच्या ‘साउंड्स’ साप्ताहिकाकडे पोहोचली आणि त्यांनी तिला ‘या आणि प्रत्येक आठवड्याचे सिंगल’ ठरवले. मग लंडनच्या ‘ईएमआय’ या रेकॉर्ड कंपनीने सिडनीच्या कार्यालयाला या बँडशी करार करायला सांगितले. स्वतःच्या गावात ज्यांना वाजवायला धड जागा मिळत नव्हती, त्यांना अशा रीतीने दुसऱ्या टोकाच्या देशाने शोधून काढले. ही गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते.

जागा मिळत नव्हती म्हणून बेली आणि आयव्हर हे यांनी पेट्री टेरेसवरच्या आपल्या भाड्याच्या घराची पुढची खोली ‘क्लब ७६’ या नावाने खुली केली. रेकॉर्डच्या वेष्टनावरचे छायाचित्रही पेट्री टेरेसवरच्या एका पडक्या घरातलेच: चौघे जण उभे, मागे बंद पडलेली शेकोटी आणि तिच्यावर रंगाने लिहिलेले रेकॉर्डचे नाव. हे वेष्टन मी दिवाणखान्यात समोर उभे करून ठेवते. त्यात कोणी पोज घेतलेली नाही, कपडे साधे आहेत, केस वाढलेले आहेत. पुढे लंडनमध्ये कंपनीला त्यांना हिरवे सूट आणि टोकदार केस अशा वेशात विकायचे होते, आणि त्यांनी ते साफ नाकारले.

शेजारी सत्तरी ओलांडलेले एक आजोबा राहतात. एकदा आवाज मोठा झाला म्हणून मी माफी मागायला गेले, तर त्यांनी तेच गाणे पुन्हा लावायला सांगितले आणि तेव्हाच्या ब्रिस्बेनबद्दल बराच वेळ बोलत राहिले. क्वीन्सलँड राज्यात १९६८ ते १९८७ अशी एकोणीस वर्षे प्रीमियर (मुख्यमंत्री) जो ब्येल्के-पीटरसन यांची राजवट होती, आणि १९७७ मध्ये तर रस्त्यावरच्या मोर्चांवरच बंदी आली. तरुण मुले चार जणांत उभी राहिली तरी पोलिस हटकायचे, असे ते म्हणाले. बँडने त्याच वर्षी, बंदी येण्याआधीच, देश सोडला होता. शीर्षकगीतातले ते एकाकीपण ठिकाणाचेही आहे, हे मला आजोबांच्या बोलण्यावरून कळले.

रेकॉर्डमधल्या उणिवाही आहेत. ‘स्टोरी ऑफ लव्ह’ माझ्या मनात कधी रुजले नाही, आणि ‘किसिन कझिन्स’ दहाव्यांदा ऐकल्यावर नुसते भरतीचे वाटते. याउलट ‘मेसिन विथ द किड’ हे जवळजवळ सहा मिनिटांचे संथ गाणे आधी मी वगळत असे. आता पहिली बाजू मी त्याच्यासाठीच लावते. बेलीचा आवाज येथे ओरडत नाही. तो शब्द ओढत, थकल्यासारखा गातो, आणि विशीतल्या मुलाच्या गळ्यात एवढे दमलेपण कोठून आले असा प्रश्न पडतो.

पुढची कथा थोडक्यात अशी: १९७८ मध्ये आणखी दोन रेकॉर्डी आल्या, त्यांत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन आले, पंकच्या चाहत्यांना ते रुचले नाही आणि त्याच काळात मूळ बँड फुटला. बेलीने नाव पुढे चालवले. एप्रिल २०२२ मध्ये तो वारला. २०२४ मध्ये क्युपर आणि आयव्हर हे यांनी ‘मडहनी’ या अमेरिकी बँडचा मार्क आर्म गायक म्हणून घेऊन ही जुनी गाणी ऑस्ट्रेलियात पुन्हा वाजवली.

घेणाऱ्यांसाठी एवढेच सांगते: पहिली गोष्ट म्हणजे प्रत हातात आल्यावर ती कडेने डोळ्यांच्या पातळीवर धरून वाकलेली आहे का ते पाहून घ्या. दुसरे, सुरुवात दुसऱ्या बाजूने करा. ‘नाइट्स इन व्हेनिस’ संपताना सगळी वाद्ये एकमेकांवर कोसळतात, गिटार एकटीच किंचाळत राहते. तेव्हा आवाज कमी करू नका, त्या किंचाळण्याच्या वर कान लावा.