रामबागेतील इंग्रजी लेखनाचा वर्ग : एका पालकाचा अभिप्राय

इंदूरच्या रामबाग भागात नववी-दहावीच्या मुलांसाठी केवळ इंग्रजी लेखनाचा एक घरगुती वर्ग चालतो आणि माझी मुलगी गेले वर्षभर तिथे जात आहे. सीबीएसईच्या दहावीच्या ८० गुणांच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत लेखनाला जेमतेम १० गुण, ५ पत्राला आणि ५ विश्लेषणात्मक परिच्छेदाला. म्हणून आधीच्या शिकवणीत हा भाग नमुना उत्तरे पाठ करवून उरकला जात असे.

इथे मुलांना आधी नीट पाहायला लावतात. इंदूरच्या सराफा बाजाराचे वर्णन करताना मुलीने 'फार सुंदर आणि गजबजलेली जागा' एवढेच इंग्रजीत लिहून नेले होते. मॅडमनी वही परत देऊन, सोन्याचांदीची दुकाने बंद झाल्यावर त्यांच्याच ओट्यांपुढे भुट्ट्याच्या किसाची आणि गराडूची (तळलेल्या कंदाची) दुकाने कशी लागतात, ते आधी मराठीत सांगायला लावले. ती आजोबांबरोबर पुन्हा तिथे गेली आणि यावेळी शटर ओढल्याचा आवाज, पाठोपाठ तापत्या तेलाचा वास, अशा क्रमाने लिहून आली. भाषा साधीच होती, पण ते वर्णन तिचे स्वतःचे होते.

विश्लेषणात्मक परिच्छेदाची तयारी तर मला सर्वांत मोलाची वाटते. मुले शाळेत कोणत्या वाहनाने येतात याचा आलेख दिला, तर बहुतेक जण प्रत्येक आकडा वाक्यात उतरवून १०० ते १२० शब्द भरून काढतात. मॅडम मात्र पहिल्याच वाक्यात मुख्य निष्कर्ष मागतात, त्याला आधार देणारे दोन-तीनच आकडे निवडायला सांगतात, आणि 'सायकली कमी झाल्या कारण रस्ते धोकादायक आहेत' असे कोणी लिहिले की हे आलेखात कुठे दिसते, असे विचारतात. दिसणारी गोष्ट आणि आपला तर्क यांतला फरक माझ्या मुलीला इथेच कळला, आणि आता ती विज्ञानाची उत्तरेही त्याच शिस्तीने लिहिते.

पत्रलेखन ठीक शिकवतात. उणीव एकच, पण ती गंभीर आहे : एका तुकडीत वीसहून अधिक मुले असल्यामुळे तपासलेली वही कधी कधी तीन आठवड्यांनी हाती येते, आणि तोपर्यंत आपण ते वाक्य तसे का लिहिले हेच मूल विसरलेले असते. एप्रिलमध्ये धाकट्याचे नाव घालताना, शुल्क थोडे वाढवले तरी चालेल पण तुकडी लहान करावी, अशी विनंती मी मॅडमना करणार आहे.