डेबियन स्टेबलवर नवी आवृत्ती हवीय: बॅकपोर्ट्स घ्यावं की फ्लॅटपॅक?

डेबियन ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम. तिचं स्टेबल, म्हणजे पक्कं रिलीज, बाहेर पडलं की त्यातल्या प्रोग्रॅम्सच्या आवृत्त्या गोठतात. 'बुकवर्म' (डेबियन 12) जून 2023मध्ये कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, 6.1 घेऊन आलं आणि ऑगस्ट 2025मध्ये पुढचं स्टेबल 'ट्रिक्सी' येईपर्यंत त्याच मालिकेवर राहिलं. मधे दुरुस्त्या येतात, नवी फीचर्स जवळपास नाहीतच. सर्व्हरवाल्यांना हेच हवं असतं. पण नवाकोरा लॅपटॉप उघडावा आणि वायफायच दिसू नये, तेव्हा काय?

माझं असंच झालं होतं. मोबाइल यूएसबीने जोडून नेट घेतलं, बॅकपोर्ट्समधून (स्टेबलसाठीच्या नव्या पॅकेजेसच्या साठ्यातून) कर्नल आणि फर्मवेअर (हार्डवेअरला लागणारा छोटा कोड) टाकलं, रीबूट केलं, वायफाय हजर. इथे फ्लॅटपॅक (ॲप्स सिस्टिमपासून वेगळी, स्वतःच्या डब्यात बंद करून देण्याची पद्धत) कामाचंच नाही, कारण त्यात कर्नल किंवा ड्रायव्हर मिळत नाही.

बॅकपोर्ट्स म्हणजे टेस्टिंगमधली (पुढच्या रिलीजच्या तयारीतली) पॅकेजेस स्टेबलसाठी पुन्हा बिल्ड केलेली. सोर्स यादीत (पॅकेजेस कुठून घ्यायची त्या यादीत) बॅकपोर्ट्सची ओळ घातली म्हणून सगळी सिस्टिम वर सरकत नाही. ॲप्ट या पॅकेज टाकणाऱ्या टूलची 'ॲप्ट पॉलिसी' ही कमांड चालवून बघा: स्टेबलला प्राधान्याचे 500 गुण, बॅकपोर्ट्सला 100. तुम्ही ॲप्टला '-टी' लावून बॅकपोर्ट्सचं नाव घेऊन मागाल तेवढंच येतं, आणि एकदा आलं की पुढचे अपडेटही तिथूनच येतात. आवृत्तीच्या शेपटीला '~बीपीओ12+1' असं काहीतरी असतं. त्यातल्या '~'मुळे ही आवृत्ती मूळ पॅकेजपेक्षा किंचित कमी धरली जाते, त्यामुळे पुढच्या रिलीजला जाताना खरं पॅकेज आपोआप तिची जागा घेतं. मला ही युक्ती फार आवडते.

खोट एकच, पण मोठी. डेबियनची सिक्युरिटी टीम बॅकपोर्ट्स सांभाळत नाही. ज्याने पॅकेज चढवलं त्याच्या सवडीने दुरुस्ती येते. म्हणून दहा-बारा गोष्टी एकदम तिथून ओढू नयेत.

फ्लॅटपॅकचं गणित वेगळं. गिंप, लिबरऑफिस असली खिडकीतली ॲप्स स्वतःचा रनटाइम (चालायला लागणाऱ्या लायब्रऱ्यांचा संच) घेऊन येतात आणि सिस्टिमच्या लायब्रऱ्यांना हात लावत नाहीत. पहिल्याच ॲपला काहीशे एमबीचा रनटाइम उतरतो, तेव्हा छोट्या एसएसडीवर जरा हात आखडताच घ्या. फ्लॅटहबवर (फ्लॅटपॅक ॲप्स जिथून मिळतात ती साइट) 'व्हेरिफाइड' खूण आहे का तेही बघा. काही ॲप्स मूळ कर्त्यांनी नाही, तिसऱ्याच कुणी बांधलेली असतात.

तिसरा मार्ग, यादीत थेट टेस्टिंग घालणं, हा विचारच सोडा. त्यालाही 500 गुण मिळतात, बरोबरीत मोठा आवृत्ती-क्रमांक जिंकतो आणि पुढच्या अपग्रेडला अर्धी सिस्टिम टेस्टिंगवर जाते. परतीचा नीट रस्ता नाही.

माझ्या मशीनवर कर्नल बॅकपोर्ट्समधून, गिंप फ्लॅटपॅकमधून, बाकी सगळं स्टेबल. चार वर्षं हात न लावता चालवायचा सर्व्हर असेल, तर दोन्ही नकोत.