शब्द वाक्यात बसवून देणारा कोश : मोल्सवर्थ, रोजच्या वापरातून

बदली होऊन महाराष्ट्रात आलेल्या अमराठी बँक कर्मचाऱ्यांना मी गेली सहा वर्षे आठवड्यातून दोन संध्याकाळी मराठी शिकवते. या कामात ज्या एका पुस्तकावाचून माझे पान हलत नाही, त्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. ते पुस्तक म्हणजे जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश. जॉर्ज आणि थॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने त्याची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये निघाली. आज आपल्या हाती असते ती १८५७ ची वाढवलेली दुसरी आवृत्ती असून तिच्यात सुमारे ६०,००० शब्द आहेत.

दीडशेहून अधिक वर्षांचा कोश आजच्या शिकणाऱ्याच्या हाती का द्यावा, याचे उत्तर मला वर्गातच मिळाले. माझ्या एका केरळी विद्यार्थ्याने मोबाइलवरील शब्दसंग्रहाच्या एका ॲपमधून रोज दहा शब्द पाठ करण्याचा नेम धरला होता. त्या ॲपमध्ये प्रत्येक शब्दासमोर एकच इंग्रजी अर्थ असे आणि ‘काळजी’समोरही तसाच एक होता. दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी आलेल्या एका वृद्ध बाईंना त्याने मोठ्या आपुलकीने सांगितले, ‘‘आजी, मी तुमची काळजी करतो, तुम्ही काळजी घेऊ नका.’’ आजी घाबरल्या आणि म्हणाल्या, ‘‘काय झालं रे बाबा माझ्या खात्याला?’’ त्याचा शब्द बरोबर होता, उच्चारही चोख होता. चुकले होते ते क्रियापद. काळजी ‘करणे’ म्हणजे चिंतेत पडणे आणि काळजी ‘घेणे’ म्हणजे जपणे, हा फरक त्या एका अर्थातून त्याला कळण्याची सोयच नव्हती.

मोल्सवर्थचे मोठेपण नेमके इथे आहे. नाम दिले की त्याचे लिंग येते, शब्द संस्कृत, फारसी, अरबी यांपैकी कुठून आला याची खूण येते, मग क्रमांक घालून अर्थ येतात. आणि पुष्कळ नामांपुढे त्याच्याशी कोणकोणती क्रियापदे जोडली जातात आणि सोबतच्या शब्दाला कोणती विभक्ती लागते, हेही थोडक्यात नोंदवलेले असते. ही नोंद वाचायची सवय लागली की शिकणाऱ्याला वाक्याचा सांगाडाच हाती मिळतो. ‘राग’ हा एकच शब्द घ्या. ‘मला त्याचा राग येतो’, ‘तो माझा राग करतो’ आणि ‘त्याने मनात राग धरला’ या तीन वाक्यांत राग कोणाला, कोणाचा आणि किती काळ टिकणारा, हे सारे क्रियापदाने आणि विभक्तीने ठरते. आपण हे आईच्या बोलण्यातून नकळत उचललेले असते, म्हणून बाहेरून येणाऱ्याला ते मुद्दाम सांगावे लागते हे आपल्या ध्यानातच येत नाही.

लिंगाच्या खुणेचेही तसेच. ‘वेळ’ हा शब्द माझ्या वर्गाला सर्वांत जास्त छळतो, कारण तो पुल्लिंगीही आहे आणि स्त्रीलिंगीही, आणि दोन्हींचे अर्थ वेगळे आहेत. ‘तुम्हाला फार वेळ लागला’ यात वेळ म्हणजे गेलेला काळ आणि तो पुल्लिंगी आहे. ‘बँक बंद व्हायची वेळ झाली’ यात वेळ म्हणजे ठरलेला किंवा येऊन ठेपलेला क्षण आणि तो स्त्रीलिंगी आहे. ‘माझ्यावर अशी वेळ आली’ म्हणणाऱ्याने प्रसंगाबद्दल सांगितलेले असते, घड्याळाबद्दल नव्हे. लिंग हा शब्दाला चिकटवलेला कोरडा नियम नसून काही ठिकाणी तो अर्थच असतो, हे ‘वेळ’ शिकवताना जितके पटते तितके व्याकरणाच्या कोणत्याही तक्त्याने पटत नाही.

या कोशाचा मला सर्वाधिक प्रिय भाग म्हणजे मुख्य शब्दाखाली दाटीने उतरलेले वाक्प्रचार, म्हणी आणि बोलण्यातली उदाहरणे. ‘हात’, ‘तोंड’, ‘डोळा’ असे शब्द उघडले तर तासभर तिथेच रमायला होते. वर्गात मी ‘नाव’ या शब्दापासून सुरुवात करते, कारण बाळाचे नाव ठेवणे आणि बाळाला नावे ठेवणे यांतले अंतर पहिल्याच दिवशी कळलेले बरे. एका ‘चे’ची जागा ‘ला’ने घेतली आणि नाम अनेकवचनी झाले की बारशाचा आनंद निंदेवर जातो. प्रत्येकाने एक शब्द कोशात शोधायचा आणि आपल्या त्या दिवसाच्या कामावर तीन वाक्ये करून आणायची, असा माझा स्वाध्याय असतो. मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीने ‘महिनाअखेरीस आम्ही तारांबळ केली’ असे लिहून आणले. तारांबळ कोणी करत नाही, ती उडते, हे समजल्यावर तिने स्वतःच दुरुस्त केले, ‘‘महिनाअखेरीस आमची तारांबळ उडाली.’’

आता उणिवा. अर्थांचे स्पष्टीकरण इंग्रजीत आहे आणि तेही जुन्या, भारदस्त इंग्रजीत, त्यामुळे शाळकरी मुलांच्या हाती हा कोश देऊन उपयोग नाही. सावरकरांनी रूढ केलेले ‘महापौर’, ‘दिनांक’ यांसारखे विसाव्या शतकातले शब्द यात असणे शक्यच नाही, आणि जे आहेत त्यांतले कितीतरी आज कोणी बोलत नाही. तेव्हा इथे सापडलेला शब्द आजही चालतो का, हे एखाद्या मराठी माणसाला विचारूनच वापरावा. शब्द शोधताना जुने लेखन लक्षात ठेवावे लागते. उच्चारात नसलेले अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले, पण कोशात ‘नाव’ हे ‘नांव’ म्हणून आणि ‘करणे’ हे ‘करणें’ म्हणूनच भेटते. ही अडचण पहिले दोन आठवडे जाणवते, पुढे ती सवयीची होते.

ज्यांना इंग्रजीचा आधार नको, त्यांच्यासाठी दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात खंड निघाले आणि १९५० मध्ये पुरवणी आली. शब्दाचा इतिहास आणि जुन्या ग्रंथांतली अवतरणे पाहायची तर मी त्याच्याकडेच वळते. मात्र ज्याला उद्या सकाळी खिडकीमागे बसून एक वाक्य बिनचूक बोलायचे आहे, त्याला जुन्या काव्यातल्या ओळीपेक्षा क्रियापदाची जोड अधिक उपयोगी पडते, आणि ती मोल्सवर्थमध्ये लवकर सापडते.

शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर हे दोन्ही कोश विनामूल्य पाहता येतात, तेव्हा नवख्या माणसाने आधी तिथेच वापरून पाहावे. शिकवणाऱ्याने मात्र छापील प्रत जवळ बाळगावी असे माझे मत आहे. पडद्यावर मागितलेला शब्द तेवढा समोर येतो; नऊशेहून अधिक पानांच्या त्या जड पुस्तकात ‘काळजी’ शोधताना वाटेत ‘काळीज’ लागते, विद्यार्थी तिथे बोट ठेवून थांबतो आणि विचारतो, ‘‘मॅडम, हे दोन्ही एकाच घरचे का?’’