रक्त बघून रेडिएशनचा डोस सांगतात ती टेस्ट करून आलो

मी वेल्डिंग जॉइंटची रेडिओग्राफी करतो, म्हणजे रात्री साइटवर इरिडियम-१९२ चा कॅमेरा (आत किरणोत्सारी सोर्स असतो) लावून पाइपचे शॉट घ्यायचे. छातीवर टीएलडी बॅज असतो, अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा, तो दर तीन महिन्यांनी रीडिंगला जातो. या वेळी माझं रीडिंग आलं ३८० मिलिसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस यात मोजतात)! आपल्याकडे अख्ख्या वर्षात ३० च्या वर जायचं नसतं. बायको दोन दिवस धड जेवली नाही. एका रात्री गरम होत होतं म्हणून जॅकेट काढून ठेवलं होतं, बॅज त्यालाच होता आणि जॅकेट सोर्सजवळ राहिलं हे मला आठवत होतं, पण ऑफिसात कोण ऐकतंय, कागदावर आकडा आहे म्हणजे आहे.

मग रक्ताची क्रोमोझोम टेस्ट झाली. हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये थोडंसं रक्त घेतात, ते गोठवायचं नाही. पांढऱ्या पेशी ३७ डिग्रीला ४८ तास वाढवतात, विभागायला लागल्या की औषध घालून तिथेच थांबवतात, रंग देतात आणि मायक्रोस्कोपखाली एकेक पेशी बघतात. लॅबमधल्या मॅडमनी मला स्क्रीनवर दाखवलं. साध्या क्रोमोझोमला एकच कंबर असते, रेडिएशनने तुटून चुकीचा जोडला गेला की त्याला दोन कमरा दिसतात, त्याला डायसेंट्रिक म्हणतात. एकदा बघितलं की डोळ्यांना लगेच कळतं. दिल्लीत २०१० ला मायापुरीच्या भंगारात कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी द्रव्य निघालं, तेव्हा रेडिएशन लागलेल्या लोकांचे डोसही असेच रक्तावरून काढले होते.

माझ्या १००० पेशी मोजल्या, डायसेंट्रिक निघाला १. एवढा तर कधी रेडिएशनजवळ न गेलेल्या माणसातही सापडतो, ३८० खरंच अंगावर पडले असते तर दहाच्या बरेच वर दिसले असते असं मॅडम म्हणाल्या. म्हणजे डोस बॅजने खाल्ला, मी नाही. घरी फोन केला तेव्हा आवाज फुटत नव्हता माझा.

मॅडमनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली ते मला फार आवडलं, साधारण १०० मिलिसिव्हर्टच्या खालचं या टेस्टला नीट पकडता येत नाही त्यामुळे "डोस शून्य" असं लिहून मिळणार नाही. आणि हे सगळ्या अंगाचं सरासरी असतं, नुसत्या बोटांना लागलं असेल तर यात दिसेलच असं नाही.

रिपोर्टला तीन आठवडे लागले, मोजणी डोळ्यांनी करतात म्हणून, ते मी समजू शकतो. राग आहे तो आमच्या कंपनीवर, रक्त पाठवायलाच महिना घालवला. या पेशी हळूहळू मरतात, उशीर झाला की खूण पुसट होत जाते, त्यामुळे बॅजचं रीडिंग जास्त आलं तर त्याच आठवड्यात मागे लागा, लाजू नका. आणि आधी कधी सीटी स्कॅन किंवा कॅन्सरचा शेक घेतला असेल तर रक्त देतानाच सांगा, मी दोन वर्षांपूर्वीचा सीटी विसरलो होतो, त्यांनी विचारलं म्हणून आठवलं.