कनाल द्यु मिदीवरची भाड्याची बोट: शेगडी भरवशाची, ओव्हन लहरी

दक्षिण फ्रान्समधल्या कनाल द्यु मिदीवर आठवड्याच्या बोलीने बोट भाड्याने मिळते. ती आपणच चालवायची, तिच्यातच राहायचं आणि वाटेतल्या बाजारातून आणलेलं शिजवून खायचं. ही सोय देणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. परवाना लागत नाही. ताबा देताना थोडक्यात शिकवतात आणि तेवढ्यापुरतं कार्ड देतात. पिएर-पॉल रिके याच्या पुढाकाराने 1666 ते 1681 मध्ये खोदलेला हा 240 किलोमीटरचा कालवा तूलूझ शहरापासून ‘तो’ (Thau) नावाच्या खाऱ्या सरोवरापर्यंत जातो. वेगमर्यादा ताशी 8 किलोमीटर, प्रत्यक्षात 6 धरा.

बोटीच्या आधी टप्पा ठरवा. कास्तेलनोदारी ते कार्कासोन हा भाग देखणा, पण लॉक एकामागून एक येतात. लॉकमध्ये पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करतात. तेवढा वेळ दोघांच्या हातात दोर असतो आणि तिसरा सुकाणूवर. दोर खुंट्याला गाठ मारून बांधायचा नाही, नुसता वळसा घालून धरायचा. गाठ मारली आणि पाणी उतरलं, तर बोट दोरावर लटकते. अशात भाजी कोण चिरणार? त्यापेक्षा ओंप्स या कालव्याकाठच्या गावाहून पूर्वेकडे निघा. पहिली तीन लॉक संपली की आर्जांसपासून फोंसेरानपर्यंत 54 किलोमीटर एकही लॉक नाही. ज्यांना निवांत रांधायचं आहे त्यांच्यासाठी हाच पट्टा. कापेस्तांगचा पूल मात्र फार ठेंगणा आहे. त्याआधी छत्री, खुर्च्या, वरची कापडी मांडव सगळं आडवं करा.

आता स्वयंपाकघर. सिलिंडरवरची शेगडी, छोटा गॅस ओव्हन, बॅटरीवरचा फ्रीज, सिंक. शेगडी चांगली असते. बर्नर पेटल्यावर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवावं लागतं; लगेच सोडलं तर सुरक्षेचा झडप गॅस तोडतो आणि लोकांना वाटतं शेगडी बिघडली. पश्चिमेकडून ‘सेर’ वारा सुटला की खिडकीच्या बाजूची ज्योत विझते, तेव्हा आतला बर्नर वापरा. लॉकमध्ये शिरताना शेगडीवर उकळतं काहीही नको. भिंतीला हलकी धडक बसतेच आणि पातेलं सरकतं.

फ्रीजची बॅटरी इंजिन चालू असताना भरते. दिवसभर एकाच जागी थांबलात तर संध्याकाळी लोणी मऊ पडतं. म्हणून रोज काही तास तरी बोट चालवा किंवा बंदरातल्या विजेला जोडा. इन्व्हर्टरवर केटल लावू नका. पिण्याचं पाणी टाकीत असतं, ते दर दुसऱ्या दिवशी भरा. कालव्याचं पाणी भाजीला लावायचं नाही.

ओव्हनबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण इथे येणाऱ्या प्रत्येकाला कासुले, म्हणजे घेवडा आणि मांसाचा मंद आचेवरचा इथला पदार्थ, करून बघायचं असतं. चौघांसाठी 400 ग्रॅम लॅंगो जातीचा पांढरा सुका घेवडा रात्रभर भिजवा. सकाळी ते पाणी फेका. डुकराच्या कातडीचे 150 ग्रॅम तुकडे, गाजर, कांदा, लसूण घालून मंद आचेवर तासभर शिजवा. चुनखडीच्या प्रदेशातलं पाणी जड असतं, त्यात घेवडा लवकर मऊ होत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. डब्यातल्या बदकाच्या कॉन्फीचे (चरबीत शिजवून टिकवलेल्या मांसाचे) चार तुकडे काढण्याआधी डबा कोमट पाण्यात ठेवा, चरबी सुटेल आणि कातडी फाटणार नाही. तूलूझचे चार सॉसेज परतून घ्या. मग सगळं कासोल या मातीच्या पसरट भांड्यात रचून, घेवडा जेमतेम बुडेल इतका रस घालून 150 अंशांवर अडीच-तीन तास. वर साय धरली की चमच्याने आत दाबायची. जुनी माणसं सात वेळा सांगतात. तीन वेळा दाबलीत तरी रंग येतो.

गडबड होते ती इथेच. बोटीचा ओव्हन खालून तापतो आणि आच फार कमी केली तर विझतो. भांडं वरच्या जाळीवर ठेवा, अर्ध्या वेळी फिरवा, दर अर्ध्या तासाने ज्योत बघा. नाहीतर तळ करपतो आणि वरचा घेवडा पांढराच राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये तर हा बेतच नको, केबिन भट्टी होते. मे, जून किंवा सप्टेंबर उत्तम.

भाजीसाठी मंगळवारी सकाळी ओलोंझाकचा बाजार, ओंप्सहून सायकलने दहा-पंधरा मिनिटं. सायकली बोटीबरोबरच भाड्याने घ्या. लुक जातीचे हिरवे ऑलिव्ह आणि मिनेर्व्वा (Minervois) भागातली वाइन तिथूनच.

मुक्कामाला किनाऱ्यावर लोखंडी खुंट्या ठोकतात. त्या बोटीपासून उलट्या दिशेला कलत्या ठोका, दोर सायकलवाटेवर आडवा येऊ देऊ नका. झाडाला बांधायला बंदी आहे. कालव्यालगतच्या मूळच्या 42,000 चिनारांमध्ये बुरशीचा रोग पसरला, 2006 पासून झाडं तोडली जाताहेत, आणि सालीवरच्या जखमेतून रोग शिरतो. काही पट्टे त्यामुळे आता उघडे पडलेत. जुने फोटो पाहून सावलीची आशा धरू नका.

लॉक दुपारी 12:30 ते 1:30 जेवणासाठी बंद असतात, रात्री बोट हाकता येत नाही. डिझेलचा हिशेब इंजिनाच्या तासांवर होतो, तेव्हा ताबा घेताना मीटरचा आकडा फोटो काढून ठेवा. सुऱ्या बहुधा बोथट असतात, धार लावायची लहानशी कानस सोबत न्या.