रत्नागिरीतील गुरुपूजन-संच: पादुका घ्याव्यात, पेटी नको

रत्नागिरीच्या बाजारपेठेतील पूजासाहित्याच्या एका जुन्या दुकानाने यंदा गुरुपौर्णिमेसाठी तयार संच विक्रीस ठेवला आहे. पितळी पादुका, ताम्हन, अष्टगंध, अत्तराची कुपी, फुलवाती, कापूर, सुपाऱ्या, कृत्रिम फुलांचा हार आणि गुरुगीतेची पुस्तिका एवढे साहित्य पुठ्ठ्याच्या पेटीत १,२५० रुपयांना मिळते. पावसचे स्वामी स्वरूपानंद आणि माणगावात जन्मलेले टेंबे स्वामी यांना मानणारी घरे या पट्ट्यात गावोगावी असल्याने संचाला गिऱ्हाईक मिळणार, हे उघडच आहे.

पैसे वसूल होतात ते पादुकांमुळे. त्या पत्र्याच्या नसून ओतीव आहेत, खुंट्या घट्ट बसवलेल्या आहेत आणि तळ सपाट असल्याने अभिषेकाची धार धरली तरी ताम्हनात डगमगत नाहीत. कमळाच्या पाकळ्यांचे कोरीवकाम मात्र जरा जास्तच खोल आहे. त्यात पंचामृत साचते आणि चिंच लावून मऊ ब्रशने घासल्याशिवाय निघत नाही.

त्याच दुकानात सागवानी पादुकाही आहेत आणि त्याही अभिषेकाला चालतात असे सांगितले जाते. हा सल्ला मला पटला नाही, कारण रोज ओले होणारे लाकूड कोकणातल्या दमट हवेत वाळत नाही आणि त्याला बुरशी धरते. नृसिंहवाडी या दत्तक्षेत्री पुराच्या दिवसांत खुद्द कृष्णामाई पादुकांवरून वाहते, पण त्या पादुका पाषाणाच्या आहेत. उलट गाणगापूर या दत्तक्षेत्रातल्या, ‘निर्गुण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पादुकांना पाण्याचे स्नान घालीत नाहीत, त्यांना अष्टगंध आणि केशराचे लेपन करतात. लाकडी पादुका घेणाऱ्याने हीच रीत धरावी. दुकानदाराने ती सांगितली असती तर बरे झाले असते.

बाकीचे साहित्य यथातथाच आहे. अष्टगंधाला चंदनापेक्षा रंगाचाच वास अधिक येतो, पुस्तिकेत जोडाक्षरांच्या इतक्या चुका आहेत की पाठ करणारा प्रत्येक श्लोकाला अडखळतो आणि पुठ्ठ्याच्या पेटीत वाती सर्द होतात. आषाढात परसातली तगर आणि जास्वंद फुललेली असताना प्लास्टिकचा हार गुरूंच्या पादुकांवर का घालावा, हे मला कळलेले नाही. सुपाऱ्या दिल्या आहेत, परंतु ही पौर्णिमा मुळात व्यासपूजेची असून त्या सुपाऱ्यांवर व्यासांचे आणि गुरुपरंपरेचे आवाहन करता येते, याविषयी पुस्तिकेत एक ओळही नाही. ज्यांच्या घरी पहिल्यांदाच पूजा होणार आहे, त्यांना नेमकी हीच माहिती हवी असते.

मागितल्यास दुकानात पितळी पादुका सुट्याही देतात. त्या आणि ताम्हन एवढेच घ्यावे, अष्टगंध हुंगून पाहून निराळे घ्यावे आणि गुरुगीतेची शुद्ध छापील प्रत एखाद्या मठाच्या ग्रंथविक्री केंद्रातून आणावी.