अनाथ मुलांच्या भेटीची सेवाफेरी: तुमच्या मंडळीनं जावं का?

परतल्यापासून ओळखीच्या चर्चच्या मंडळ्यांमधल्या भगिनी विचारतायत, "सिस्टर, ती बालगृहाची सेवाफेरी कशी होती? आमच्या महिला मंडळानं नाव द्यावं का?" प्रत्येकीला फोनवर सांगत बसण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते. द्यावं. गाडी वाईट होती, जेवायला उशीर झाला, तरीही द्यावं. नर्सिंगच्या नोकरीत असल्यापासून अशा फेऱ्या पाहत आलेय. बहुतेक फेऱ्या बालगृहाच्या फाटकाबाहेर पडल्या की संपतात. घरी परतल्यानंतर कोणी काय करायचं हे निघण्याआधीच ठरवून ठेवणारी फेरी मला ही एकच भेटली.

आखणारा गट छोटा आहे, पुण्यातल्या वेगवेगळ्या मंडळ्यांमधल्या लोकांनी मिळून केलेला. त्यांचं आणि बालगृहाचं नाव मी लिहीत नाही. मुलांची ओळख पटेल असं काही छापू नये, फोटो टाकू नयेत, असं बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 74 सांगतं. नाव आणि गाव लिहिलं की पुढचं शोधून काढायला कितीसा वेळ लागतो? सोलापूर रस्त्यानं कुरकुंभच्या पुढे जावं लागतं, एवढं पुरे. चौकशी आपल्या चर्चच्या पाळकांमार्फत करा. तो गटही पाळकांचं पत्र असल्याशिवाय कोणाला नेत नाही.

माणशी 1,100 रुपये घेतले. त्यात गाडी, सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण. बालगृहासाठीचं दान यात धरलेलं नाही; ते थेट संस्थेच्या खात्यावर भरायचं आणि पावती आपल्या नावानं येते. हे मला फार आवडलं. मधल्या माणसाच्या हातात रोख पैसा नाही, त्यामुळे कुजबुज नाही.

जायच्या आधी चर्चच्या हॉलमध्ये एक बैठक झाली आणि तिथेच निम्म्या लोकांचा विरस झाला. केक नाही, फुगे नाहीत, आपल्या हातानं वाटायची खेळणी नाहीत. बालगृहाच्या अधीक्षिकाताईंनी हव्या असलेल्या वस्तूंची यादी पाठवली होती: उवांच्या फण्या, खोबरेल तेल, सॅनिटरी पॅड, चौरेघी वह्या, परकर-चड्ड्यांसाठी इलॅस्टिकचं रीळ, आणि मापांसकट चपला. सगळं ऑफिसात जमा करायचं, मुलांना ते ताईंच्या हातून मिळणार. धर्माची पत्रकं न्यायची नाहीत, कारण मुलं सगळ्या घरांतून आलेली असतात. प्रार्थनेला बसायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आमच्यातल्या एका काकांना हे खटकलं. ते म्हणाले, मग आपण ख्रिस्ती म्हणून कशाला जातोय? गटप्रमुखांनी याकोबाच्या पत्रातलं पहिल्या अध्यायाचं 27 वं वचन वाचून दाखवलं. अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घ्यावा, हे देवाला मान्य असलेलं धर्माचरण. पत्रकांचा त्यात उल्लेख नाही. काका आले, आणि दिवसभर नळाचे वायसर बदलत होते.

आणखी एक नियम सगळ्यांना लागू होता: "आईबाबा कुठे असतात?" हे कुठल्याही मुलाला विचारायचं नाही. आपण सरसकट अनाथ म्हणतो, पण तिथल्या बऱ्याच मुलांना आई आहे, कुणाला आजी आहे. वडील गेले, आई ऊसतोडीच्या टोळीबरोबर सहा महिने फडावर, मागे मूल सांभाळायला कोणी नाही, अशी घरं आपल्या राज्यात किती आहेत. कायद्याप्रमाणे बालकल्याण समितीच्या आदेशानं मूल संस्थेत येतं, आणि संस्था हा शेवटचा उपाय मानलेला आहे. जमेल तर मूल नात्यातच वाढावं. त्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला 2,250 रुपये मिळतात. या गटातले एक निवृत्त शिक्षक फेरीच्या दिवशी भेटायला आलेल्या नातेवाइकांना तो अर्ज भरून देतात. एक मावशी भाचीला न्यायला तयार होती, फक्त खर्चाला घाबरत होती. तिची कागदपत्रं त्यांनी अर्धा तास बसून लावली. दिवसभरात आमच्यापैकी कोणी केलं नसेल एवढं मोलाचं काम ते एका खुर्चीत बसून करत होते, आणि फेरीच्या माहितीपत्रकात त्याचा साधा उल्लेखही नाही. तो असायला हवा.

आता माझ्या वाट्याच्या कामाबद्दल, कारण फेरीची पारख मला तिथेच झाली. मला आणि एका ऑप्टोमेट्रिस्ट (चष्म्याचा नंबर काढणाऱ्या) मुलीला डोळे तपासायला बसवलं होतं. व्हरांड्यात सहा मीटर मोजून खडूची रेघ मारली, समोर अक्षरांचा तक्ता लावला, एक डोळा झाकायला पुठ्ठ्याचा चमचा. मुलं रांगेत. साधारण आठ वर्षांची एक मुलगी आली, गळ्यात दोऱ्याला तिच्या पत्र्याच्या पेटीची किल्ली. तिनं एका दमात शेवटच्या ओळीपर्यंत म्हणून दाखवलं. ऑप्टोमेट्रिस्ट "छान" म्हणून पुढच्या मुलाला बोलावणार होती. मला मात्र त्या मुलीचा सूर ऐकून शंका आली, पाढे म्हणतात तसा होता. वाचणारं मूल बारीक अक्षरांपाशी अडखळतं, डोळे बारीक करतं, मान तिरकी करतं. हिनं तक्त्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. मी तक्ता काढून इंग्रजी 'ई'चा तक्ता लावला, ज्यात नुसती त्या E ची खूण वर, खाली, उजवीकडे, डावीकडे वळलेली असते आणि बोटानं दिशा दाखवायची असते. तिसऱ्या ओळीपासून तिची बोटं हवेत तशीच थांबली. रांगेत तिच्या आधी असलेल्या मुलांचं ऐकून तिनं सगळी अक्षरं पाठ केली होती.

तिला जवळ घेऊन विचारलं, तर म्हणाली, "नापास झालं की चष्मा लावतात. चष्मा महाग असतो."

आठ वर्षांच्या पोरीनं संस्थेचा खर्च वाचवायला तक्ता पाठ केला. तिच्यावर कोणी रागावू नये म्हणून मी ताईंना एकटीला गाठून सांगितलं. ताईंनी तिला बोलावलं आणि म्हणाल्या, "बाळ, चष्म्याचे पैसे पुण्याच्या मंडळीनं कधीच भरलेत. आता तुझा नंबर कळला नाही तर ते पैसे वाया जातील." मुलगी मुकाट्यानं परत खुर्चीवर बसली. या ताईंसारख्या बाईच्या हाती बालगृह असणं, याला मी पाचपैकी पाच देते.

शाळांमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी 2013 पासून होते, ती होतच राहावी. पण एका दिवसात अख्खी शाळा तपासायची असते तेव्हा पाठांतर करणारी मुलगी निसटते. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल आणि लहानपणी चष्मा लागला नाही, तर तो डोळा आळशी होतो, मोठेपणी चष्मा देऊनही पुरतं दिसत नाही. म्हणून मी म्हणते, गाणी-नाच बसवण्यापेक्षा तुमच्या मंडळीतल्या नर्स, शिंपी, इलेक्ट्रिशियन यांना न्या.

निघताना मुलं विचारतातच, "परत कधी येणार?" आम्हाला सांगून ठेवलं होतं: तारीख द्यायची नाही, शब्द द्यायचा नाही, "ठरलं की ताई तुम्हाला सांगतील" एवढंच म्हणायचं. तरुण संघातल्या पोरांना हे जड गेलं. मला विचाराल तर सगळ्या नियमांत हा सगळ्यात गरजेचा आहे. येणारी प्रत्येक गाडी "लवकर येऊ" म्हणून जाते, आणि फाटकाकडे बघत बसायचं काम मुलांच्या वाट्याला येतं.

परतीचा प्रवास. गाडीचा एसी जाताना चालू होता, येताना बंद पडला, आणि खिडक्या उघडत नव्हत्या. मागच्या सीटवरच्या दोन काकूंना मळमळायला लागलं. ड्रायव्हर भला माणूस होता, हंगामाचे दिवस, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, मागे रिफ्लेक्टर नाही की दिवा नाही, तरी त्यानं सांभाळून आणलं. पण गाडी देणाऱ्यांनी पन्नाशीच्या पुढच्या बायकांची सहल आहे हे बघून गाडी द्यायला हवी होती. बायकांसाठी स्वच्छ बाथरूम असलेला थांबाही आधी ठरवलेला नव्हता. याचे गुण मी कापते.

चौफुल्यावरून आत वळून केडगावला थांबलो. हा थांबा कार्यक्रमात आहे आणि तो कोणी गाळू नये. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, निराधार बायका-मुलींसाठीची संस्था, आपल्यातल्या बहुतेकांना नावानं माहीत असतं. पण दिवसभर मुलांमध्ये राहून आल्यावर तीच माहिती वेगळी लागते. दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गमावलेली ही बाई. भावाबरोबर पायी फिरत ती 1878 मध्ये कलकत्त्याला पोचली. पुढे 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन तिनं उपाशी मुली गोळा करून आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतावर मुलींची सोय केली. मुलींना शेती, विणकाम, छपाई शिकवली. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी पवित्र शास्त्राचा छापखाना याच मुलींनी चालवला. अंध मुलींच्या शिक्षणाची सोयही तिथे होती. मनोरमाबाई, त्यांची एकुलती मुलगी, 1921 मध्ये गेली. भाषांतराचं काम हातावेगळं करून 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. आमच्या गटप्रमुखांनी हे सगळं दहा मिनिटांत, भाषणाचा आव न आणता सांगितलं आणि मग म्हणाले, "रमाबाई मुलींना भेटून घरी गेल्या नाहीत. मुलींना घर दिलं. आपल्याला ते जमणार नाही, तर निदान जे जमेल ते ठरवून जाऊ."

मग गाडीत प्रत्येकाला एक कार्ड दिलं. घरी बसून या बालगृहासाठी मी काय करीन, हे लिहायचं, आणि कोणत्या तारखेपर्यंत, तेही लिहायचं. मोबाईल सकाळीच पिशवीत जमा होते, ते लोणी काळभोर येईपर्यंत परत दिले नाहीत. त्यामुळे कोणी रील टाकत बसलं नाही. हडपसरच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा आत लोक एकमेकांशी बोलत होते, कोण कुठल्या दुकानातून किती स्वस्तात आणू शकतो याचा हिशेब चालला होता. इतर फेऱ्यांत परतताना रडारड आणि भजनं असतात. रडू आम्हालाही आलं. पण हातात कार्ड होतं.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर ती कार्डं वाचली गेली. ज्यानं लिहिलं त्याला नावानिशी विचारलं. चष्म्यांची ऑर्डर माझ्या कार्डावर होती. मुलांसाठी पॉलिकार्बोनेटची काच घ्या, पडली तरी फुटून डोळ्यात जात नाही; आणि फ्रेमचं माप घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नका, मोठी फ्रेम नाकावरून घसरते आणि मूल चष्मा पेटीत ठेवून देतं. चष्मे ताईंकडे पोचल्याचा निरोप आला. त्या मुलीला पहिल्या बाकावरून मागे, तिच्या मैत्रिणीशेजारी बसवल्याचंही त्यात होतं. नंबर दर वर्षी बघावा लागतो, त्यामुळे हे काम आमच्या महिला मंडळानं वार्षिक कामांत घेतलं आहे.

सगळं धरून या फेरीला मी पाचपैकी चार देते. गाडी बदला, बाथरूमचा थांबा ठरवा, जेवण एकच्या आत द्या, की उरलेलाही देईन. लहान मुलांना घेऊन जायचा विचार असेल तर नेऊ नका. आपलं मूल आईच्या मांडीवर बसलेलं तिथल्या मुलांना दिवसभर दिसत राहतं. नाव देण्यापूर्वी आपल्या मंडळीत कोणाला कुठलं हातचं काम येतं याची यादी करून ठेवा, तो गट पहिल्याच फोनला ती मागतो. मार्चमध्ये परीक्षा असतात, तेव्हा कोणालाही जागा मिळत नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर नवी मुलं आलेली असतात, वह्या-चपलांची गरज तेव्हाच जास्त. त्या फेरीसाठी नावं एप्रिलमध्ये घेतात.